कुठल्या शहराची हवा आपल्याला मानवेल हे आधीच कसं ओळखायचं

माझं माहेर नागपूर, सासर डोंबिवली आणि आता नोकरीमुळे आम्ही पुण्यात, त्यामुळे तिन्ही हवा अंगावर काढून झाल्यात. ट्रान्सफर घेऊ का, मुलांना तिकडे सूट होईल का, असं कोणी ना कोणी विचारतच असतं, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा की मला नेमका त्रास कशाचा होतो. आपल्याकडे ऊन वेगळं आणि उकाडा वेगळा. मुंबईत उकडतं, नागपुरात तापतं. मला 43 डिग्रीचं कोरडं ऊन चालतं पण पाठीला चिकटलेला ब्लाऊज अजिबात सहन होत नाही, माझ्या नवऱ्याचं बरोब्बर उलटं, तो मे महिन्यात नागपूरला आला की दुसऱ्या दिवशी घोळणा फुटलाच म्हणून समजा, आणि डोंबिवलीत मात्र फॅनखाली बनियनवर मजेत झोपतो. दोघांचंही खरं आहे. त्यामुळे "अमुक शहराची हवा चांगली" असं कोणी सांगितलं तर आधी सांगणाऱ्याला काय आवडतं ते विचारून घ्या.

आता अ‍ॅपवर काय बघायचं. आपण सगळे फक्त कमाल तापमान बघतो आणि तिथेच फसतो. ह्युमिडिटीचे टक्केसुद्धा फसवतात कारण ते सकाळी एक आणि दुपारी एक असतात. बघायचा तो ड्यू पॉइंट, म्हणजे हवा किती गार झाली की तिच्यातली वाफ दवासारखी जमायला लागेल तो आकडा. हा जितका जास्त तितका घाम वाळायला वेळ लागतो, आणि अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळेच, नुसता घाम येऊन काही होत नाही. नागपुरात 42 डिग्री आणि ह्युमिडिटी 15 टक्के असेल तर ड्यू पॉइंट येतो साधारण 10. मुंबईत 33 डिग्री आणि 70 टक्के असेल तर जवळजवळ 27! म्हणून 33 ला जीव नकोसा होतो. माझा हिशोब असा की 16-17 च्या खाली मस्त, 20 च्या वर चिकचिक सुरू, 24 च्या वर गेला की एसी नाहीतर समुद्राचा वारा, तिसरा इलाज नाही.

दुसरा आकडा रात्रीचा, किमान तापमान. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी 38-39 जातं पण शहर 560 मीटर उंचीवर, हवा कोरडी, रात्री खाली उतरतं आणि झोप लागते. झोप झाली की माणूस दुसऱ्या दिवशीचं ऊन काढतो. घरात म्हातारी माणसं किंवा बाळ असेल तर हा आकडा आधी बघा.

कूलरचं पण इथेच सांगते. कोरड्या हवेत 42 डिग्रीला चांगला कूलर 26-27 ची हवा देऊ शकतो, विजेचं बिलही एसीपेक्षा खूप कमी, फक्त एक खिडकी उघडी पाहिजे नाहीतर ओली हवा खोलीतच कोंडते. माहेरी नवीन ताटीवर पहिल्यांदा पाणी पडलं की जो वाळ्याचा वास यायचा, त्यासाठी आम्ही भावंडं कूलरसमोरच्या जागेवरून भांडायचो. तोच कूलर कोणीतरी हौसेने मुंबईला नेतो आणि आठवड्यात गाद्या दमट. मुंबई, रत्नागिरी, पणजी इकडे कूलरवर पैसे घालू नका.

पावसाचं गणित लोक हमखास चुकतात. वर्षाचा एकूण पाऊस बघून काही कळत नाही. नागपुरात वर्षाला 1000 मिमीच्या वर पडतो आणि पुणे शहरात 700-750 च्या आसपास, हे सांगितलं की कोणाला पटत नाही! कारण नागपूरचा पाऊस गडगडत येतो, तासभर झोडपतो आणि ऊन पडतं. पुण्याचा दिवसदिवस बुरबुरतो. मुंबईचा 2000 च्या वर, बहुतेक सगळा चार महिन्यांत. ज्यांना आठ दिवस सूर्य दिसला नाही की उदास वाटतं त्यांनी पावसाचे आणि ढगाळ दिवस किती तेच मोजावं. मला पाऊस कितीही पडू दे, मधे ऊन पाहिजे. चेन्नईला जाणार असाल तर तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपले जून-जुलै तिथे चालत नाहीत.

आणि शहर नाही, एरिया बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, त्याच दिवशी कुलाब्याला 73-74. पुण्यातही डोंगराकडच्या पश्चिम बाजूला जास्त, हडपसरकडे कमी.

आता खरी परीक्षा. डिसेंबरमध्ये शहर बघायला जाऊ नका, तेव्हा सगळीच शहरं गोड वागतात. नागपूर मे मध्ये बघा, मुंबई मेच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये, कोकण जुलैत. हॉटेलात नाही, कोणाच्या तरी घरी, एसी न लावता तीन-चार रात्री. तिथे संध्याकाळी एक जीन्स धुऊन दोरीवर टाका आणि सकाळी कंबरेची पट्टी चाचपून बघा. नागपुरात मे मध्ये ती पापडासारखी कडक होते, डोंबिवलीत जुलैत तिसऱ्या दिवशीही शिवणीत ओल असायची आणि तो कुबट वास इस्त्री केली तरी जायचा नाही. मग त्या घरातल्या बाईंना विचारा, मिठाच्या बरणीत तांदूळ घालावे लागतात का, कपाटातले चपला-बेल्ट ऑगस्टमध्ये बुरशी धरतात का. या दोन उत्तरांत सगळं कळतं.

घर बघताना पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब बघायचाच. विदर्भात टॉप फ्लोअर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर धग सोडतो. मुंबईत उलट मी आरपार वारा आधी बघेन, समोरासमोर खिडक्या नसतील तर एरिया कितीही चांगला असू दे.

राहायला गेल्यावर पहिले पंधरा दिवस काहीही ठरवू नका. नव्या उन्हाची शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतातच, तोपर्यंत दुपारची धावपळ कमी ठेवा. कोरड्या गावात घाम वाळून जातो म्हणून दिसत नाही आणि माणूस पाणी कमी पितो, ऊन लागतं ते असंच, म्हणून तहान नसली तरी पाणी, ताक, पन्हं चालू ठेवा. दमट गावात घामोळं आलं तर पावडर थापत बसू नका, दोन वेळा साध्या पाण्याने अंघोळ करा आणि सैल सुती कपडे वापरा.