न मोडलेल्या सिग्नलचं ई-चलन आलं तर

दंड आधी भरू नका. भरला की तडजोड झाली, मग भांडायला जागा उरत नाही. लोकअदालतीतली सवलतही दंड भरणाऱ्यालाच.

महाट्रॅफिक ॲपवर चलनाचा फोटो मोठा करून ‘एमएच १२’पुढचं प्रत्येक अक्षर ताडा. ३ चा ८, ८ चा बी सर्रास होतो. मग मॉडेल, रंग, आरसे, ओरखडे बघा. फोटोत ॲक्टिव्हा नि आरसीवर स्प्लेंडर असेल तर काम सोपं! स्क्रीनशॉट, आरसी आणि गाडीचे पुढून-मागून फोटो जोडून ॲपमध्येच तक्रार टाका. फोटोच नसेल तर पुरावा मागा. गुन्हा सिद्ध करणं पोलिसांचं काम.

गाडीही हुबेहूब असेल तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन शिक्क्याची पोच घ्या, नाहीतर चलनं येतच राहतील.