‘अंतिम न्याय’ शिकायचा तर आधी ऑर्व्हिएतोला जा

इटलीत कलेचा इतिहास शिकायला आलेली आपली मुलं पहिल्या सुट्टीत व्हॅटिकन गाठतात. मायकेलअँजेलोचा ‘अंतिम न्याय’ (१५३६–४१), म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त मेलेल्यांना उठवून कुणाला स्वर्ग नि कुणाला नरक ते ठरवतो त्या ख्रिस्ती श्रद्धेचं भित्तिचित्र, बघायचाच आहे, पण पहिला धडा तिथे गिरवू नका. त्या गर्दीत धड उभंही राहता येत नाही. रोमहून रेल्वेने साधारण सव्वा तासावर ऑर्व्हिएतो आहे. तिथल्या कॅथीड्रलमधलं सान ब्रिझियो चॅपल, म्हणजे प्रार्थनेचं छोटं दालन, आधी बघा; त्याच्या छतावर आणि भिंतींवर हाच विषय आहे.

छताचं काम चित्रकार फ्रा अँजेलिकोने १४४७ मध्ये हाती घेतलं आणि अर्धवट सोडलं. पन्नासेक वर्षांनी, १४९९ मध्ये, ते चित्रकार लुका सिन्योरेल्लीकडे आलं. १५०४ पर्यंत त्याने भिंतीही रंगवल्या.

वेदीकडे तोंड करून मधोमध उभे राहा. वर न्यायनिवाडा करणारा ख्रिस्त आहे. त्याची उजवी ती आपली डावी, म्हणून तारण झालेले, म्हणजे स्वर्गात जाणारे, डाव्या भिंतीवर आणि शापित, म्हणजे नरकात जाणारे, उजवीकडे. मराठी बायबलातला मत्तयचा पंचविसावा अध्याय, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे अशी निवड सांगणारा, आदल्या रात्री वाचा. दहा व्याख्यानांचं काम होतं.

उजव्या भिंतीवर, दाराजवळ, पुनरुत्थान आहे, म्हणजे मेलेले पुन्हा सदेह उठतात तो प्रसंग. वर दोन धिप्पाड देवदूत तुताऱ्या फुंकताहेत. खाली पांढुरक्या, सपाट जमिनीतून माणसं वर येताहेत. कुणी कमरेपर्यंत निघालंय आणि तळवे टेकून उरलेलं अंग उपसतंय. काही अजून नुसते सांगाडेच. म्हातारं नाही की पोर नाही, सगळे ऐन तारुण्यात; ही समजूत थेट संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंतापासूनची. शेजारी शापितांची चेंगराचेंगरी. सैतानांची कातडी हिरवी, जांभळी, राखाडी, आणि वर चिलखत घातलेले देवदूत निवांत उभे. मला तर सैतानांपेक्षा त्या निवांतपणाचीच धास्ती वाटते.

अर्थ लागला की गिलाव्याकडे वळा. पुढे जतनाच्या कामात जायचं असेल तर हे आधीच. ओल्या चुन्यावर दिलेला रंग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषताना भिंतीतच पक्का होतो. म्हणून चित्रकार त्या दिवशी रंगवून होईल एवढाच गिलावा थापून घेई. त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात. उजेड तिरका पडला की सांधे दिसतात. ज्याची कड दुसऱ्यावर चढलेली, तो तुकडा नंतरचा. आभाळाचे तुकडे मोठे, पण एखाद्या चेहऱ्यापायी अख्खा दिवस गेलेला असतो. अझुराइट या खनिजाचा निळा मात्र बहुधा सुक्यावर देत, त्यामुळे तोच आधी झडतो. (अजिंठ्याचा अनुभव इथे लावू नका, तिथला गिलावा मातीचा आणि रंग सुक्यावर दिलेला.) छोटी दुर्बीण जवळ ठेवा.

त्यानंतर इटलीतलंच पादुआ शहर. स्क्रोवेन्यी चॅपलमध्ये चित्रकार जोत्तोने साधारण १३०५ मध्ये हाच विषय दाराच्या भिंतीवर काढला, म्हणजे बाहेर पडताना नजर चुकवता येत नाही. चॅपल बांधणारा एन्रिको स्क्रोवेन्यी स्वतः तारण झालेल्यांच्या बाजूला गुडघे टेकून चॅपलची प्रतिकृती अर्पण करतोय. त्याच्या सावकार बापाला कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात नरकात बसवलंय. तिकीट आधीच काढून ठेवा, ऐनवेळी मिळेलच असं नाही.