स्विंग काळातल्या बिग बँडची जुनी एलपी घेताना काय पाहावं

सी. रामचंद्रांच्या १९५० च्या आसपासच्या गाण्यांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ज्या जोमाने एकदम उठतात, तो जोम आला कुठून हे शोधत गेलं की आधी भेटतात चिक चॉकलेटसारखे मुंबईत वाजवणारे गोवेकर वादक. त्यांच्याही मागे जावं तर अमेरिका लागते. साधारण १९३५ ते १९४५ या स्विंग काळातले तिथले बिग बँड, म्हणजे नाचासाठी जॅझ वाजवणारे मोठे वाद्यवृंद: बेनी गुडमन, काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन, आर्टी शॉ, ग्लेन मिलर. या मंडळींच्या एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या, मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइनही मिळतात. पण निवड मात्र नीट करायला हवी. बाकी जुन्या रेकॉर्डच्या बाबतीत आपण आधी ओरखडे बघतो. इथे त्याआधी एक प्रश्न विचारायचा: यात नक्की कोण वाजवतंय आणि कधी?

आधी तारखा जुळवा

कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली ती जून १९४८ मध्ये. तोवर स्विंगचा बहर ओसरला होता. त्या बँडनी आपलं काम केलं ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर, बहुतेक दहा इंची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. म्हणजे तुमच्या हातातली एलपी तीनपैकी एका प्रकारची असणार. एक तर जुन्या ७८ वरून उतरवलेली, नाहीतर कुठल्या मैफलीचं किंवा रेडिओ कार्यक्रमाचं जपून ठेवलेलं ध्वनिमुद्रण, किंवा मग तीच गाणी १९५० नंतर नव्या यंत्रांवर पुन्हा वाजवलेली. तिन्ही प्रकारांत उत्तम रेकॉर्ड आहेत. आपण कोणती घेतोय ते ठाऊक हवं, एवढंच.

त्यासाठी कव्हरची मागची बाजू शांतपणे वाचा. चांगल्या संकलनावर प्रत्येक गाण्याची ध्वनिमुद्रणाची तारीख असते, वादकांची नावंही असतात. तारखाच नसतील तर मी सावध होतो.

मग कव्हरवर ‘स्टीरिओ’, म्हणजे दोन बाजूंनी वेगवेगळा आवाज, असं लिहिलंय का ते पाहा. स्टीरिओ एलपी दुकानांत आल्या १९५७-५८ मध्ये आणि ग्लेन मिलर १५ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लंडहून फ्रान्सला जाताना विमानासकट बेपत्ता झाला. तेव्हा मिलरची खरी स्टीरिओ रेकॉर्ड जवळपास नसतेच. त्याच्या नावाचा ऑर्केस्ट्रा मात्र १९५६ पासून रे मॅकिन्ली आणि पुढे इतरांच्या हाताखाली वाजत राहिला आणि त्या रेकॉर्डवर मिलरचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत असतं. माझी पहिली मिलर अशीच घेतली गेली. घरी लावली तर आवाज स्वच्छ, सूर अचूक, गाणी तीच. पण क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन मिळून जो उबदार, किंचित दाटलेला सूर मी आधी ऐकला होता, तो त्यात नव्हता. दुकानदाराने काही लपवलं नव्हतं, सगळं मागे छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

टाइम-लाइफ या अमेरिकन प्रकाशनाचे १९७० च्या सुमाराचे ‘द स्विंग एरा’चे जाडजूड संच आजही सहज मिळतात. तेही मूळ नव्हेत. ग्लेन ग्रे आणि बिली मे यांनी जुन्या रचना स्टुडिओत जशाच्या तशा पुन्हा वाजवून घेतल्या आहेत. काम मेहनतीचं आहे, पण मूळ बँड हवा असणाऱ्याने ते घेऊ नयेत. याच टाइम-लाइफची ‘जायंट्स ऑफ जॅझ’ ही तीन-तीन एलपींची मालिका वेगळी. तिच्यात मूळ ध्वनिमुद्रणं आहेत आणि सोबत वाचण्याजोगी पुस्तिकाही.

खोटा स्टीरिओ टाळा

‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ किंवा कॅपिटल कंपनीच्या कव्हरवरचा ‘डुओफोनिक’ हा शब्द दिसला की रेकॉर्ड परत ठेवा. मूळ मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच आवाज देणाऱ्या, ध्वनिमुद्रणातला खर्ज एका बाजूला आणि तार दुसऱ्या बाजूला ढकलायचा, वर थोडा घुमारा चढवायचा, अशी ती युक्ती. त्यात पंधरा माणसांचा बँड रिकाम्या टाकीत उभा राहून वाजवतोय असं वाटतं आणि ड्रमचा ठोका विरघळून जातो. या संगीताचा प्राण त्या ठोक्यातच आहे. मोनोच घ्या. आरसीए व्हिक्टरची १९६० च्या दशकातली ‘व्हिन्टेज’ मालिका, किंवा १९७० च्या दशकातली फ्रान्समधली ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मालिका दिसली तर मी फार विचार करत नाही.

आता तबकडी बाहेर काढा

लेबल आणि कव्हर एकाच रेकॉर्डचं आहे ना, हे पहिलं. ढिगाऱ्यातल्या मालात अदलाबदल नेहमीची. दोन एलपींचा संच असेल तर दोन्ही आहेत का ते पाहा. मग तळवे कडेवर ठेवून तबकडी उचला आणि दुकानातल्या दिव्याखाली हळूहळू तिरकी करा. मोबाइलचा टॉर्चही चालतो. केसासारख्या बारीक रेषा बहुधा ऐकू येत नाहीत. बोटाच्या पेरावरून अलगद जाणवणारा ओरखडा मात्र हमखास वाजतो.

खरी परीक्षा झिजेची. न झिजलेली खाच काळीभोर चमकते. झिजलेल्या रेकॉर्डवर करडी, राखाडी झाक दिसते, विशेषतः जोरकस वाजवलेल्या जागी. आपल्याकडच्या कित्येक एलपी, त्यात कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्याही आल्या, जड सुईच्या छोट्या प्लेअरवर वर्षानुवर्षं वाजल्या आहेत. त्यांच्यावर एकही ओरखडा नसतो आणि तरी ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा, आवाज फाटतो. ही झीज कितीही धुतलं तरी जात नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर ती पुष्कळ वेळा लावली गेली आहे असं समजा. पांढरट ठिपके म्हणजे बहुधा बुरशी. मुंबईच्या हवेत ती यायचीच. बहुतेक वेळा ती धुऊन निघते, तेवढ्यावरून रेकॉर्ड नाकारू नका.

वाजवून बघायला मिळालं तर

सुई पहिल्या गाण्यावर ठेवू नका. बाजूचं शेवटचं गाणं लावा, तेही शेवटाकडे, जिथे सगळे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन एकदम उसळतात. खाच आत आत जाते तशी आवाजाला जागा कमी मिळते, त्यामुळे बिघाड तिथेच आधी उघडा पडतो. तिथे ब्रास चिरकला नाही तर बाकीची बाजू बहुतेक ठीक असते.

दुसरी तपासणी मला फार उपयोगी वाटते. ७८ वरून उतरवलेल्या गाण्यांत मागे एकसारखी सळसळ असते. ती तुमच्या तबकडीची की मूळ लाखेची, हे ओळखायला दोन गाण्यांमधली रिकामी जागा ऐका. गाणं संपताच सळसळ थांबली तर ती १९३७ ची आहे, तिला दोष नाही. तिथेही खरखर चालूच राहिली तर दोष एलपीचा. ठरावीक अंतराने टिक्-टिक् येत असेल तर मोजा. ३३⅓ च्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो, म्हणजे १.८ सेकंदांनी येणारी टिक् हा ओरखडा. आठ-दहा फेऱ्यांत ती विरली तर मी घेतो.

गुडमनच्या कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमाला हे माप लावू नका. १६ जानेवारी १९३८ ची ती मैफल मंचावर टांगलेल्या मायक्रोफोनवरून तबकड्यांवर उतरवली गेली आणि एलपीवर आली १९५० मध्ये. तिच्यातली खरखर मूळचीच. पण जीन क्रुपाचे ड्रम गरजून थांबतात आणि जेस स्टेसीचा पियानो एकटाच हळू आवाजात पुढे जातो, ती दोन मिनिटं मिळावीत म्हणून मी आणखी खरखर सोसेन.

भाव आणि टपाल

मिलर आणि गुडमन अमाप खपले. त्यांची साधी संकलनं दुर्मीळ म्हणून कुणी विकत असेल तर घासाघीस करा. ऑनलाइन घेताना दर्जाचे शब्द शब्दशः घेऊ नका. त्या भाषेत ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखर ऐकू येणारच आणि ‘गुड’ म्हणजे चांगलीच झिजलेली. निदान ‘व्हेरी गुड प्लस’ मागा. डिस्कॉग्स या रेकॉर्डची सूची देणाऱ्या संकेतस्थळावर आवृत्ती पक्की करायला लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक उपयोगी पडतो, विक्रेत्याकडून त्याचा फोटो मागवा. तबकडी कव्हरच्या बाहेर काढून पॅक करायला सांगा, नाहीतर प्रवासात ती कव्हरची शिवण फाडते. परदेशातून मागवत असाल तर टपाल आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा.

घरी आणल्यावर

वाजवण्याआधी धुवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या द्रवाचा एखादाच थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून उभी वाळवा आणि नव्या आतल्या पाकिटात घाला. एलपीसोबत एखादी जुनी ७८ आली असेल तर तिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. तिला एलपीची सुईही लावू नका. तिची खाच कितीतरी रुंद असते, तिच्यासाठी जाड टोकाची वेगळी सुई मिळते.