पीएम किसानचा हप्ता अडकलाय? या चुका टाळा

गावात सगळ्यांचे दोन हजार जमा झाले आणि आपल्याला मेसेजच नाही, की माणूस पासबुक घेऊन थेट बँकेत जातो. पहिली चूक तिथेच होते. आधी पीएम किसानच्या पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक टाका. क्रमांक विसरला असाल तर मोबाइल किंवा आधार क्रमांकावरून तो तिथेच सापडतो. पुढे तीन ओळी दिसतात: लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) आणि आधार-बँक सीडिंग (आधार बँक खात्याशी जोडणं). ज्या ओळीपुढे ‘नो’, तिथे घोडं अडलंय.

सगळ्यात जास्त घोळ बँक सीडिंगचा. ‘बँकेला आधार दिलंय की!’ असं जो तो म्हणतो. पण केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते खातं एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार पाहणाऱ्या संस्थेकडे आधारशी जोडणं वेगळं. हप्ता येतो तो आधार क्रमांकावर, आणि अनुदानासाठी एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते: जिथे शेवटची संमती दिली ती. त्यामुळे पोस्टात नवं खातं उघडताना संमतीच्या चौकटीत टिक झाली, की पुढचा हप्ता गुपचूप तिकडे जातो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ज्या शेतकरी महिलांनी नवी खाती काढली, त्यांनी हे आवर्जून पाहावं. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की बँकेचं नाव दिसतं. दुसरीच बँक दिसली तर आधी त्या खात्याचं पासबुक भरून घ्या. पैसे बहुधा तिथेच पडलेले असतात. जोडणीच नसेल तर बँकेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि पोच घ्या.

ई-केवायसी तुलनेने सोपं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर होतं, नाहीतर सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवा) केंद्रात अंगठ्याने. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नाहीत. त्यांच्यासाठी पीएम किसानच्या अधिकृत ॲपमध्ये चेहरा दाखवून करायची सोय आहे. व्हॉट्सॲपवर आलेली ‘पीएम किसान’ नावाची एपीके (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फाइल मात्र उघडू नका, तिने खातं रिकामं होतं.

लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर बँकेत जाऊन काही उपयोग नाही. चालू सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी अधिकारी किंवा तहसील कार्यालय गाठा. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली असेल तर लाभ नाही. वारसाने आली असेल तर मिळतो, पण फेरफार मंजूर हवा. वडील वारल्यावर त्यांच्याच नावावर हप्ते घेत राहिलात तर ते वसूल होतात. नवरा-बायको दोघांनी घेतले, किंवा दोघांपैकी कुणी आयकर भरत असेल, तरी तेच.

‘नमो शेतकरी’ या राज्य सरकारच्या योजनेच्या हप्त्यासाठी वेगळा अर्ज नसतो. कुणी त्याच्या फॉर्मचे पैसे मागत असेल तर देऊ नका. पीएम किसानची अडचण सुटली की तोही मार्गी लागतो. राज्यात कृषी योजनांसाठी एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो काढला नसेल तर काढून घ्या.

दुरुस्तीनंतर, पात्र असाल तर, मागचे अडकलेले हप्तेही मिळतात. तिन्ही ओळींपुढे ‘यस’ असूनही पैसे नसतील तर त्याच पानावर हप्त्याची स्थिती पाहा. व्यवहार नाकारला गेला असेल तर खातं बंद किंवा गोठवलेलं आहे का, हे बँकेत विचारा. तिथेही काही सापडलं नाही तर नोंदणी क्रमांक हाताशी ठेवून १५५२६१ वर फोन लावा.