उद्याच्या रोस्ट चिकनची तयारी आज रात्रीपासून

रोस्ट चिकनला वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ ओव्हनचा, आपला नाही. आपल्या वाट्याला येतात जेमतेम तीस-पस्तीस मिनिटं, आणि तीही एका दमात द्यावी लागत नाहीत. कामावरून घरी आल्यावर सगळं एकदम करायला घेतलं की मात्र हा सोपा पदार्थ अंगावर येतो. चिकन दगडासारखं गोठलेलं, बटाटे चिरायचे राहिलेले, ओव्हन थंडगार आणि घरातली माणसं डबे उघडून दिसेल ते तोंडात टाकायला लागलेली. म्हणून उद्याच्या जेवणाची ही यादी आज रात्रीच्या ओट्यापासून सुरू होते. हिशोब चार माणसांचा धरलाय: एक किलो चिकन, पाऊण ते एक किलो भाज्या आणि साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचा ट्रे. ओव्हन छोटा असेल तर सगळंच निम्म्यावर आणा.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढची कामं उगाच वाढवलेली वाटणार नाहीत. या यादीतली निम्मी खटपट पाणी घालवण्यासाठी आहे. चिकनवर किंवा बटाट्यावर पाणी आहे तोवर त्याचा वरचा थर १०० अंशांच्या फारसा पुढे सरकत नाही, आणि तो खरपूस तांबूस रंग धरायला साधारण १४० अंश तरी लागतात. ओव्हन २२० वर असला तरी ओलं चिकन आधी उकडत बसतं, आणि वेळ उरला तरच भाजतं.

तर आज रात्री झोपायच्या आधी पहिला प्रश्न: चिकन आहे कुठे? फ्रीझरमध्ये असेल तर आत्ताच काढून फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवा. खालचा कप्पा एवढ्यासाठी की सुटलेलं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकायला नको. मी एकदा ही पायरी गाळली होती. चिकन वरून दाबून पाहिलं, मऊ लागलं, म्हणून तसंच ट्रेमध्ये घातलं. पाऊण तासाने कातडी फोटो काढण्याइतकी सुंदर, आणि सुरी खुपसली तर हाडालगत कच्चंच. त्या दिवशी जेवायला दहा वाजले, आणि भाज्यांचा तोवर कोळसा झाला होता.

विसरलातच, तरी एक वाट आहे. चिकन घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवायचं आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. अर्ध्या किलोच्या पाकिटाला साधारण तास लागतो. असं सोडवलेलं चिकन लगेच शिजवायचं. गरम पाणी वापरू नका आणि दिवसभर ओट्यावरही ठेवू नका, कारण आत बर्फ असताना बाहेरचा थर जंतूंना हवा तेवढा कोमट झालेला असतो.

तुकडे कुठले घ्यायचे यावर माझं मत ठाम आहे: तंगड्या आणि मांड्या, हाडासकट, कातडीसकट. ब्रेस्टचं मांस ७४ अंशांना तयार होतं आणि त्यापुढे दहा मिनिटं राहिलं की चोथा व्हायला लागतो. तंगडीचं उलट आहे. तिच्यातले चिवट धागे ८० ते ८५ अंशांच्या आसपास विरघळून मऊ पडतात, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी ती बिघडत नाही, उलट सुधारते. आठवड्याच्या मधल्या वारी आपण नेमक्या मिनिटाला ओव्हनसमोर हजर असू याचा काय भरवसा? कोणाचा तरी फोन येतो, कोणाचा तरी अभ्यास निघतो. अख्खी कोंबडी सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा, तिला तासाच्या वर लागतो. कातडी काढलेलेच तुकडे मिळाले असतील तर अडत नाही. रंग थोडा कमी येईल, तेलाचा हात जरा सढळ ठेवायचा.

चिकन ताजं असेल किंवा सुटलेलं असेल तर पुढचं काम आजच उरका. गोठलेलं असेल तर उद्या सकाळी. हे काम म्हणजे चिकन कोरडं करून मीठ लावणं. धुवायचं नाही. इथे काही जणांच्या कपाळाला आठ्या पडणार हे मला माहीत आहे, मीही वर्षानुवर्षं नळाखाली धरून धूत होते. पण धुण्याने जंतू जात नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर सिंकवर, ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. मरतात ते ओव्हनच्या आचेने. तेव्हा पाणी न लावता टिपकागद घ्या आणि कातडीवर दाबा. घासू नका, नाहीतर कातडी गोळा होते आणि कागदाचे कपटे चिकटतात. पहिला कागद लगेच भिजून आरपार दिसायला लागतो, दुसरा अर्धवट ओला होतो. मग तुकडा उलटा करून मांडीच्या आतली घडी बोटाने उघडा, खरं पाणी तिथे दडलेलं असतं. बोट फिरवल्यावर ते सुळकन घसरायचं थांबलं, किंचित अडकल्यासारखं झालं, की पुरे.

आता मीठ. किलोभर चिकनला साधारण १० ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे दोन सपाट चहाचे चमचे, त्यातही थोडं हात राखून. कातडीखाली बोट घालून तिथेही चोळायचं. मिठाने आधी पाणी सुटतं, ते बघून घाबरायला होतं, पण रात्रभरात तेच खारट पाणी मांसात परत मुरतं आणि वरची कातडी सुकते. म्हणून हे ताट फ्रिजमध्ये उघडंच ठेवायचं, अर्थात खालच्या कप्प्यात, आणि त्याला लागून दुसरं काही उघडं ठेवायचं नाही. लिंबू आत्ता मुळीच नको. रात्रभराच्या आंबटाने वरचा थर पिठूळ होतो.

भाज्यांसाठी दोन डबे काढा. पहिल्या डब्यात वेळ लागणाऱ्या, दुसऱ्यात चटकन होणाऱ्या. गाजराचे अडीच-तीन सेंटिमीटरचे जाड तुकडे आणि कांद्याच्या लांबट फोडी पहिल्यात. कांदा चिरताना मुळाकडचा भाग कापून टाकू नका, त्याच्यामुळे पाकळ्या एकत्र राहतात, नाहीतर सुट्या होऊन कडेला करपतात. दुसऱ्या डब्यात फ्लॉवरचे मोठे तुरे, ढोबळी मिरची, फरसबी, ब्रोकोली, यांतलं जे असेल ते. बटाटे आज चिरायचे नाहीत. ते काळे पडतात, पाण्यात ठेवले तर पुन्हा वाळवत बसावं लागतं. सालासकट स्वच्छ धुऊन कोरडे करून टोपलीत ठेवले की झालं. टोमॅटो आणि मश्रूम मी या ट्रेमध्ये घालत नाही. चव छान असते, पण दोघं इतकं पाणी सोडतात की शेजारच्या बटाट्यांची उसळ होते. गोठवलेल्या भाज्यांचंही तेच.

एका वाटीत कोरडा मसाला: मिरपूड, थोडं तिखट, हाताशी असतील ते सुकवलेले सुगंधी पाले. मीठ चिकनला आधीच लागलंय, त्यामुळे वाटीत परत नको. साखर आणि मधही नको, २२० ला ते चिकन व्हायच्या आधी जळतात. बारीक चिरलेल्या लसणीचंही तसंच, कडू होते. सालासकट आठ-दहा पाकळ्या काढून ठेवा, त्या आत लोण्यासारख्या मऊ होतात आणि पानात दाबून खाता येतात.

झोपण्यापूर्वीचं शेवटचं काम बावळटपणाचं वाटेल: रिकामा ट्रे थंड ओव्हनमध्ये सरकवून दार लागतंय का बघा. नव्या ट्रेची कड दाराला अडते, हे तेल लावून सगळं मांडून झाल्यावर कळण्यासारखा वैताग नाही. ट्रे धातूचा, दोन-तीन सेंटिमीटरच्या बुटक्या कडेचा हवा. खोल भांड्यात वाफ कोंडते आणि आपण पुन्हा उकडण्यावर येतो. काचेचंच भांडं वापरणार असाल तर ते तापवायचं नाही, आणि फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्येही टाकायचं नाही, तडकू शकतं. पातळ ट्रे तापल्यावर ‘टण्ण’ असा आवाज करून वाकतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ओव्हनच गेला.

सकाळी फक्त एक नजर टाकायची. हाडाजवळ दाबून चिकन सुटलंय का बघा, मीठ राहिलं असेल तर लावा, आणि निघा.

संध्याकाळचं वेळापत्रक उलटं मोजलेलं बरं पडतं. साडेआठला पानं घ्यायची तर ८.२० ला ट्रे बाहेर, ७.३५ ला आत, आणि ७.१५ ला ओव्हन चालू. म्हणजे घरात शिरल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी ओव्हन. त्यात ठेवलेल्या कढया आणि केकचे साचे आधी बाहेर काढा, आमच्याकडे ओव्हन म्हणजे दुसरं कपाटच असतं. तापमान २२०, पंखा असेल तर २००. दिवा विझला म्हणजे तापला असं समजू नका, वीस मिनिटं पूर्ण द्या, आणि रिकामा ट्रेही आत तापू द्या.

या वीस मिनिटांत आधी बटाटे. अडीच सेंटिमीटरच्या फोडी करून त्या फडक्यात गुंडाळून खसखसून पुसा. पहिल्या डब्यातल्या भाज्या, बटाटे, लसूण, दोन मोठे चमचे तेल आणि चिमूटभर मीठ मोठ्या पातेल्यात हाताने एकत्र करा. भाज्या संपल्यावरच चिकनला हात लावायचा, म्हणजे बोर्ड आणि सुरी मधेच धुवावी लागत नाही. चिकनला चमचाभर तेल आणि वाटीतला मसाला चोळा, हात साबणाने धुवा. आणि कच्चं चिकन ज्या ताटात होतं ते ताट आत्ताच सिंकमध्ये टाका. शिजलेलं चिकन नेहमीच्या सवयीने त्याच ताटात काढलं जातं, मी काढलंय.

तापलेला ट्रे कोरड्या जाड फडक्याने बाहेर काढा. फडकं ओलं असेल तर उष्णता क्षणात हाताशी पोचते. बटाटे पडताच चुर्र आवाज यायला हवा. त्यांची कापलेली बाजू खाली, चिकन भाज्यांच्या मध्ये जागा करून कातडी वर, आणि दोन तुकड्यांत बोटभर फट. फट उरत नसेल तर भाज्या कमी करा किंवा दोन ट्रे लावून मधे वर-खाली बदला. रचून ठेवलेलं काहीही भाजत नाही.

पंचवीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढून ओव्हनचं दार आधी लावून घ्या. बटाटे उलथन्याने परता, दुसऱ्या डब्यातल्या भाज्यांना ट्रेमधलंच तेल लावून मोकळ्या जागी पसरा आणि परत आत. पुढची वीस मिनिटं तुमची. कपडे बदला, लिंबू चिरून ठेवा, पानं घ्या.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांसाचा थर्मामीटर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ ही खालची हद्द, तंगडीसाठी मी ८० पर्यंत थांबते. हाडाजवळ गुलाबी छटा राहिली तरी आकडा बरोबर असेल तर चिकन शिजलेलं असतं, तो हाडाच्या मगजाचा रंग असू शकतो. थर्मामीटर नसेल तर तंगडीचा सांधा हलवून बघा, सैल फिरला आणि मांस हाडापासून सुटायला लागलं की झालं असावं. पण हा अंदाजच. स्वयंपाकघरात एवढीशी वस्तू घ्यायचीच असेल तर हीच घ्या.

चिकन स्वच्छ ताटात काढून दहा मिनिटं राहू द्या, झाकू नका, नाहीतर कमावलेली कुरकुरीत कातडी वाफेने परत मऊ. बटाटे अजून फिकट वाटले तर तेवढा वेळ त्यांना आत ढकला. मग भाज्याही काढून ट्रेच्या तळाशी चिकटलेल्या तांबूस रसावर दोन चमचे गरम पाणी घालून लाकडी चमच्याने खरवडा, वर लिंबू पिळा. हा रस भाज्यांवर घालायचा, कातडीवर नाही.

जेवायला बसताना ट्रेमध्ये गरम पाणी ओतून ठेवा. उरलेलं चिकन दोन तासांच्या आत, उथळ डब्यात, फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं, खाताना आतपर्यंत कडकडीत गरम करायचं. हाडं पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका. अशा दोन-तीन संध्याकाळच्या साठल्या की सूपपुरता स्टॉक निघतो.