सायकल मार्गाची पाहणी आणि पाठपुरावा : पुण्यातील सायकलस्वारांसाठी

पुण्यात सायकल मार्गांविषयीच्या तक्रारींना तोटा नाही; तोटा आहे तो कार्यवाही करता येईल अशा तक्रारींचा. ‘सायकल ट्रॅक वापरण्याजोगा नाही’ एवढ्या वाक्यावर कनिष्ठ अभियंत्याला काहीही करता येत नाही. मात्र अमुक क्रमांकाच्या पथदिव्याच्या खांबापाशी मार्गाची मोकळी रुंदी जेमतेम एक मीटर उरली आहे, असे छायाचित्रासह लिहून दिले की त्या कागदावर काही ना काही शेरा मारावाच लागतो. त्यामुळे परिसरातील सायकलस्वारांच्या गटाने फेरी काढण्यापूर्वी आपल्या भागातील एका मार्गाची रीतसर पाहणी करावी, असा माझा आग्रह आहे.

पाहणीसाठी एकच रस्ता आणि त्यावरचा साधारण एक किलोमीटरचा टप्पा निवडावा. चार-पाच जण, मोजपट्टी, खडू आणि मोबाईल एवढी सामग्री पुरते. आधी एकाने तो टप्पा सायकलवरून सलग पार करण्याचा प्रयत्न करावा आणि जिथे जिथे पाय टेकवावा लागेल किंवा मुख्य रस्त्यावर उतरावे लागेल, तिथे मागून येणाऱ्याने खडूने खूण करावी. मग प्रत्येक खुणेपाशी थांबून कारण लिहावे: मधोमध असलेला बसथांबा, महावितरणची डीपी, उभ्या केलेल्या दुचाकी, सोसायटीच्या फाटकापाशी संपलेला आणि पुढे उंच कडेने सुरू होणारा मार्ग. पावसाळी चेंबरची जाळी मात्र वाकून पाहावी. जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेने असतील, तर बारीक टायर दोन पट्ट्यांमध्ये अडकून चालक थेट हँडलवरून पुढे फेकला जातो. हीच जाळी काटकोनात फिरवून बसवली की धोका टळतो. इतकी कमी खर्चाची दुरुस्ती दुसरी नसेल, म्हणून अर्जात ती पहिल्या क्रमांकावर घ्यावी. रुंदीसाठी रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी ११ या संहितेचा आधार द्यावा. तीत सायकल मार्गाची किमान रुंदी २ मीटर सांगितली आहे.

यानंतर सायकलस्वारांची मोजणी. ती रविवारी सकाळी करू नये, कारण त्या दिवशी हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघालेलेच अधिक दिसतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी दुसरे वाहन असते. मोजणी कामाच्या दिवशी सकाळी सहापासून करावी. वर्तमानपत्रे टाकणारी मुले, पाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, घरकामाला निघालेल्या महिला, बांधकामावर जाणारे मजूर यांची वेगळी नोंद ठेवावी. सायकल ज्यांचा छंद नसून गरज आहे, असे लोक बैठकांना येत नाहीत आणि निवेदनांवर सह्याही करत नाहीत. त्यांची दखल घ्यायला लावणारा हा एकमेव कागद असतो. किती जण मार्गावरून गेले आणि किती जण मार्ग असूनही रस्त्यावरून गेले, हे दोन आकडे स्वतंत्र लिहावेत. ‘ट्रॅक बांधले तरी कोणी वापरत नाही’ या नेहमीच्या उत्तराला हाच प्रतिवाद चालतो.

अर्ज कोणाकडे द्यायचा, हे रस्त्याच्या रुंदीवर ठरते: १२ मीटरपर्यंतचे रस्ते सर्वसाधारणपणे क्षेत्रीय कार्यालयाकडे, त्याहून मोठे पथ विभागाकडे असतात. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. अर्जात महापालिकेच्या मुख्य सभेने २०१७ मध्ये मंजूर केलेल्या सायकल आराखड्याचा उल्लेख करावा, म्हणजे मागणी नवी नसून मंजूर धोरणाची अंमलबजावणी आहे, हे स्पष्ट होते. हवेचा मुद्दा मांडायचा असेल, तर तोही नेमका मांडावा. २०१९ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात पुण्याचा समावेश आहे. शिवाय वाहनातील प्रदूषण कमी करणारे यंत्र इंजिन तापल्यावरच नीट काम करू लागते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटरची छोटी फेरी अंतराच्या मानाने अधिक धूर सोडते. भाजी, शिकवणी, मेट्रो स्थानक किंवा पीएमपीचा थांबा, इथवरच्या याच फेऱ्या सायकलवर येऊ शकतात.

महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात त्याचे शुल्क १० रुपये आहे, मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो आणि विषय एकच असावा लागतो. ‘दुरुस्ती का केली नाही?’ असे विचारू नये; ‘का’ या प्रश्नाला उत्तर देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याऐवजी त्या मार्गाच्या कामासाठी ठेकेदाराला दिलेला कार्यादेश, झालेल्या कामाची मापे नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख यांच्या प्रती मागाव्यात. तिसरी बाब सर्वांत मोलाची आहे, कारण तो कालावधी चालू असेल, तर सदोष कामाची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि ‘निधी नाही’ हे कारण आपोआप बाद होते. उत्तर ३० दिवसांत मिळाले नाही, तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. नव्या कामाची मागणी असल्यास ती महापालिकेच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकात सुचवावी. त्याची मुदत क्षेत्रीय कार्यालयात वेळेवर विचारून घ्यावी, कारण ती हुकली की वर्ष वाया जाते.

मागणी करताना एक पथ्य पाळावे. सायकल मार्गासाठी जागा पदपथातून किंवा झाडे तोडून मागू नये. पादचाऱ्यांशी आणि वृक्षप्रेमींशी वैर घेऊन सायकलस्वारांच्या पदरात काही पडत नाही. जागा मागायची ती रस्त्याकडेला फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारींची. यावर दुकानदारांचा विरोध ठरलेलाच असतो, म्हणून अर्ज देण्याआधी त्यांना भेटावे आणि दुकानासमोर सायकली लावण्यासाठी स्टँडची मागणी त्याच अर्जात जोडावी.

दुरुस्ती झाली की त्याच खुणांपाशी पुन्हा मोजपट्टी लावावी. डांबर किंवा पेव्हर ब्लॉक पहिल्या पावसात खचतात, तेव्हा दुसरी पाहणी ऑगस्टमध्ये ठेवावी आणि दोष दायित्वाची तारीख जवळ आली असेल, तर ती उलटण्यापूर्वीच नवा अर्ज आवक करून घ्यावा.