किनाऱ्यावरच्या गावात एक दिवसाचा नाट्य-संगीत महोत्सव: आखणी रात्रीकडून सकाळकडे

रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस असते आणि ते दिवस सरकार ठरवते, आयोजक मंडळ नव्हे. म्हणून कार्यक्रमपत्रिका दहापासून मागे मागे लिहीत या.

शेवटचा खेळ दशावताराचा. रात्रभर चालणारे नाटक सव्वादोन तासांत हवे, हे कंपनीला सुपारी देतानाच सांगा. संवाद लिहिलेले नसतात, कलाकार ते जागेवर रचतात. त्यामुळे आयत्या वेळी विंगेतून ‘आवरा’ म्हटले, की ज्यासाठी लोक थांबलेले असतात ते युद्धच आधी कापले जाते. साडेसातला पडदा उघडायचा तर पाचला त्यांना आरसा, पाणी आणि चांगला उजेड असलेली खोली मिळायला हवी. रंगायला दीड-दोन तास सहज जातात. जेवणाचे विचारायचे ते त्याआधी.

प्रकाशयोजना असलेली एकांकिका दुपारी चारला लावू नका. डिसेंबरात सूर्य साधारण सहाला मावळतो, काळोख साडेसहाला होतो. त्याआधी उघड्या रंगमंचावर ब्लॅकआउट होतच नाही. एकांकिका एकच असेल तर साडेसहा ते सव्वासात. जास्त असतील तर शाळेचा हॉल घ्या आणि खिडक्यांना काळे कापड लावा. सकाळ बालनाट्याला आणि जाखडीला, म्हणजे कोकणातल्या लोकनृत्याला, द्या. जाखडी मात्र रंगमंचावर चढवू नका: नाचणारे गोल फिरतात, गाणारे मध्ये बसतात, आणि प्लायवुडवर पडणारे पाय प्रत्येक माइकमधून धडधडतात. समोरच्या अंगणात वीस फुटांचे रिंगण आखा, माइक मधोमध ठेवा.

दिवस कोसळतो तो दोन प्रयोगांच्या मधल्या वेळेत. पत्रिकेत सगळे पाच मिनिटे धरतात. भजनाची बैठक उचलून एकांकिकेचा सेट लावायला वीस लागतात, खिडकी-दाराचा सेट असेल तर तीस. मंचावर तेवढीच माणसे हवीत जी काहीतरी उचलणार आहेत. सत्कार बंद पडद्यापुढे, एका माइकवर उरका. मागे सेट लागत राहील. शाल-श्रीफळासाठी पडदा उघडा ठेवणाऱ्या मंडळांचे दशावतार दहाला अर्ध्यात थांबतात.

साउंड चेक उलट क्रमाने घ्या. शेवटी वाजवणारे आधी, पहिले वाजवणारे शेवटी, म्हणजे त्यांची मांडणी हलवावी लागत नाही. मिक्सरवरच्या खुणा कागदावर लिहा, माइकच्या जागा रंगीत टेपने दाखवा. गायनाला पाच माइक पुरतात: गायकाला एक, पेटीला एक, तबल्याला दोन, तंबोऱ्याला एक. झांजेला माइक देऊ नका. ती सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतेच. नाटकाला पुढच्या कडेला तीन, खाली फोमचा तुकडा घालून.

दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. रंगमंचाचे तोंड पश्चिमेला असेल तर तो थेट माइकमध्ये घुसतो आणि मावळतीचे ऊन नटांच्या डोळ्यांत जाते. पूर्वेला केले तर तेच ऊन प्रेक्षकांच्या. तोंड दक्षिणेला बरे. माइकना फोमच्या टोप्या हव्यातच. कनात तिन्ही बाजूंनी आवळून बांधली की तिचे शीड होते आणि बांबू उपटतात, म्हणून मागच्या बाजूला वर हातभर फट सोडा. पडद्याच्या खालच्या पट्टीत पाइप घाला.

खाऱ्या दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो. तापलेल्या दिव्यांखाली तो परत चढतो. वादकाला प्रयोगाआधी अर्धा तास मंचावर, दिवे लावून, हातोडी घेऊन बसू द्या. गाण्याची पट्टी, म्हणजे ‘सा’ पेटीच्या कोणत्या सुरावर, हे आदल्या दिवशी विचारा. गायक काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी) आणि गायिका काळी चारची असेल तर तबलेही दोन लागतात, आणि दुसरा ऐन वेळी गावात मिळत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाऱ्याने सुकते. जवळ ओले फडके ठेवा.

विजेचा हिशेब सोपा आहे. हजार वॅटचा एक दिवा सव्वाचार अँपिअर ओढतो, आठ दिव्यांना पस्तीसच्या घरात जातात. शाळेच्या प्लगवर हे चालत नाही. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, जोडीला जनरेटर. दिवे एका फेजवर, साउंड दुसऱ्यावर. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे यंत्र) आणि साउंड एकत्र आले की स्पीकरमधून घोंघावणे सुरू होते, मग लोक माइकवाल्याला शिव्या देतात. वीज आणि माइकच्या वायरी शेजारी-शेजारी नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

कागदपत्रांत पोलिसांची ध्वनिक्षेपक परवानगी, लेखकाची लेखी संमती आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. दवाखाना किंवा शाळा शंभर मीटरच्या आत असेल तर शांतता क्षेत्राचे नियम लागू होऊ शकतात. मैदान पक्के करण्याआधी अंतर मोजा. रात्री दव पडते, तेव्हा वायरींचे जोड जमिनीवर नकोत. विटांवर ठेवून प्लास्टिक गुंडाळा.